अर्धनिवृत्ती: नोकरी सोडण्याआधीचा हिशेब

चाळिशी-पंचेचाळिशीत पूर्णवेळ नोकरी सोडायची आणि त्यानंतरचा घरखर्च काही प्रमाणात साठवलेल्या पैशांतून, तर काही प्रमाणात आपल्याला झेपेल अशा अर्धवेळ कामातून भागवायचा, या व्यवस्थेला अलीकडे अर्धनिवृत्ती म्हटले जाते. अमेरिकेत तिला ‘बरिस्ता फायर’ असे नाव आहे; बरिस्ता म्हणजे कॉफीगृहात कॉफी बनवणारा आणि ‘फायर’ म्हणजे आर्थिक स्वावलंबन साधून लवकर निवृत्त होणे. तिथे कॉफीगृहांच्या एखाद्या साखळीत अर्धवेळ काम करणाऱ्यालाही आरोग्यविमा मिळू शकतो आणि केवळ त्या विम्यासाठी असे काम धरणारे लोक असतात, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे अर्धवेळ कामासोबत विमा सहसा मिळत नाही, त्यामुळे तिकडची आकडेमोड इकडे जशीच्या तशी चालत नाही. हा लेख खासगी क्षेत्रात नोकरी करणाऱ्या, शहरात स्वतःचे घर असलेल्या आणि या वाटेचा प्रथमच विचार करणाऱ्या वाचकासाठी आहे. करांचे व व्याजाचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

पहिली पायरी: वर्षाचा खर्च मांडणे

महिन्याचा खर्च विचारला की बहुतेक जण किराणा, वीज, शाळा आणि पेट्रोल यांची बेरीज सांगतात, आणि ती बेरीज प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी असते. म्हणून मागील बारा महिन्यांची बँकेची व क्रेडिट कार्डाची विवरणपत्रे काढून खर्च वर्षाचा म्हणूनच मांडावा. मालमत्ता कर, सोसायटीचा देखभाल खर्च, विम्याचे हप्ते, दिवाळी, लग्नकार्यातले आहेर, गावाकडच्या घराची डागडुजी आणि आई-वडिलांचे औषधपाणी या बाबी महिन्याच्या हिशेबात दिसत नाहीत. फ्रिज, दुचाकी, घराचे रंगकाम यांसारखे दहा वर्षांतून एकदा येणारे खर्चही दहाने भागून वर्षाच्या खात्यात घालावेत. कंपनी आज परस्पर भागवत असलेल्या गोष्टी, म्हणजे मोबाइलचे बिल, दुपारचे जेवण, जाण्यायेण्याची बस आणि कुटुंबाचा विमा, यांची किंमतही त्यात मिळवावी.

मुलांचे उच्च शिक्षण या हिशेबात मिसळू नये. त्यासाठीची रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि ती आपल्या निधीत मोजू नये. गृहकर्ज शिल्लक असेल, तर माझ्या मते अर्धनिवृत्तीचा विचार ते फिटेपर्यंत लांबणीवर टाकावा, कारण अनिश्चित उत्पन्नावर निश्चित हप्ता चालवणे हा या सगळ्या बेतातला सर्वांत टाळण्याजोगा धोका आहे.

दुसरी पायरी: निधी किती हवा

येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण नवख्यांची सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते.

उदाहरण घेऊ. एका दांपत्याचे वय ४५ आहे, वर्षाचा खर्च ९ लाख रुपये म्हणजे महिना ७५ हजार आहे आणि अर्धवेळ कामातून महिना ३५ हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार रुपये मिळतील असा त्यांचा अंदाज आहे. उरलेले ४ लाख ८० हजार रुपये गुंतवणुकीतून काढावे लागतील. प्रचलित रीत अशी की, निधीतून दरवर्षी ३ टक्के काढता येतात असे मानायचे आणि त्यावरून निधी ठरवायचा. त्या रीतीने पूर्ण निवृत्तीसाठी ३ कोटी आणि अर्धनिवृत्तीसाठी फक्त १ कोटी ६० लाख रुपये लागतात. महिना १० हजारांची कमाई म्हणजे जणू ४० लाखांचा निधीच, असे जे सांगितले जाते, ते याच रीतीवरून.

हे गणित आकर्षक आहे आणि चुकीचे आहे. निधी आयुष्यभर पुरवायचा असतो, अर्धवेळ काम मात्र कधीतरी थांबते. आपल्या दांपत्याचे काम ५८ व्या वर्षी थांबले असे धरा. महागाई वजा जाता गुंतवणुकीवर वर्षाला ३ टक्के परतावा मिळतो असे मानले, तर तेरा वर्षे दरसाल ४ लाख ८० हजार काढूनही १ कोटी ६० लाखांचे मोल आजच्या किमतीत तेवढेच राहते. पण त्यानंतर पूर्ण ९ लाख काढावे लागतात आणि वयाच्या ९० पर्यंतची ३२ वर्षे निभावण्यासाठी त्या वेळी आजच्या किमतीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये हाताशी हवेत. म्हणजे सुमारे २४ लाखांची तूट येते, आणि तीही अशा वयात, जेव्हा नवे काम शोधणे अवघड असते.

योग्य रीत दोन टप्प्यांची आहे. काम चालू असतानाच्या तेरा वर्षांची तूट भागवण्यासाठी आज सुमारे ५१ लाख रुपये लागतात. काम थांबल्यानंतरच्या ३२ वर्षांसाठी लागणारे १ कोटी ८४ लाख तेरा वर्षांनी हवे आहेत, म्हणून त्यांचे आजचे मोल सुमारे १ कोटी २५ लाख होते. दोन्ही मिळून १ कोटी ७६ लाख रुपये. याच रीतीने पूर्ण निवृत्तीसाठी सुमारे २ कोटी २१ लाख लागले असते. तेव्हा तेरा वर्षांच्या अर्धवेळ कामाने वाचवलेला निधी १ कोटी ४० लाखांचा नसून सुमारे ४५ लाखांचा आहे, आणि महिना १० हजारांच्या कमाईचे खरे मोल ४० लाख नसून १३ लाखांच्या आत आहे. स्प्रेडशीटमध्ये वर्तमान मूल्याचे सूत्र वापरून हा हिशेब कोणालाही अर्ध्या तासात करता येतो. आपल्या वयाचे आणि खर्चाचे आकडे घालून तो अवश्य करावा.

हा ३ टक्क्यांचा परतावाही दरवर्षी सारखा येत नाही. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांच्या वर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला साडेआठ हजारांच्या आसपास बंद झाला. नोकरीत असणाऱ्याने अशा वेळी गुंतवणुकीचे हप्ते चालू ठेवले तर त्याचा फायदाच होतो, परंतु त्याच वर्षी घरखर्चासाठी म्युच्युअल फंडाची युनिट विकावी लागली, तर विकलेली युनिट बाजार सावरल्यावर परत येत नाहीत. सुरुवातीची चार-पाच वर्षे वाईट गेली की सरासरी परतावा चांगला असूनही निधी अकाली संपू शकतो. अर्धवेळ कामाची खरी उपयुक्तता मला येथे दिसते. पडत्या बाजारात विक्री कमी करावी लागते, ही मोकळीक पूर्ण निवृत्त माणसाला नसते. तरीही वरच्या आकड्यावर वीस टक्के जादा धरावेत, म्हणजे आपल्या उदाहरणात लक्ष्य सुमारे २ कोटी १० लाखांचे होईल.

विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेला ४ टक्क्यांचा नियम, म्हणजे पहिल्या वर्षी निधीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची, अनेकांनी ऐकलेला असतो. तो अमेरिकेतील शेअर व सरकारी रोख्यांच्या आकडेवारीवर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेला आहे. आपल्याला पंचेचाळीस वर्षे काढायची आहेत आणि महागाई ६ टक्के धरली तर आजचे ७५ हजार बारा वर्षांत दीड लाख होतात, म्हणून तो नियम येथे आधार म्हणून घेऊ नये.

तिसरी पायरी: काम आधी उभे करणे

निधीचा आकडा हजारापर्यंत काटेकोर काढणारे लोक अर्धवेळ कामाच्या रकान्यात मात्र ‘कन्सल्टिंग, ३५ हजार’ एवढेच लिहून मोकळे होतात. हे ३५ हजार कोण देणार, कशासाठी देणार आणि किती दिवसांनी देणार, याचे उत्तर नोकरी सोडण्याआधी मिळाले पाहिजे.

ज्यांचे काम एखाद्या छोट्या उद्योगाला दर महिन्याला लागते, पण त्यासाठी पूर्णवेळ माणूस ठेवणे त्या उद्योगाला परवडत नाही, त्यांचे बस्तान लवकर बसते. तीन-चार छोट्या फर्मची हिशेबवही आणि जीएसटी विवरणपत्रे सांभाळणारा लेखापाल, भोसरी किंवा सातपूरच्या एमआयडीसीतील लघुउद्योगांना गुणवत्तेची कागदपत्रे आणि ऑडिटची तयारी करून देणारा अभियंता, जुन्या संगणकप्रणालीची देखभाल आठवड्यातून दोन दिवस पाहणारा प्रोग्रॅमर ही त्याची उदाहरणे आहेत. अशा कामात ठरावीक मासिक मानधन बांधून घेता येते आणि ते सुटे काम शोधत बसण्यापेक्षा नेहमीच श्रेयस्कर असते. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणे अनेकांना आवडते, परंतु ते सत्रापुरते असते, सुट्टीत मानधन मिळत नाही आणि पैसे हाती पडायला पुष्कळदा महिने लागतात. तेव्हा त्यावर किराणा अवलंबून ठेवू नये. होमस्टे, उपाहारगृह किंवा शेती यांना अर्धवेळ काम समजणे ही आणखी एक फसगत आहे. ते पूर्णवेळेहून अधिक वेळ मागणारे व्यवसाय आहेत आणि त्यांत उत्पन्नाआधी भांडवल जाते.

नोकरीत असतानाच निदान एक ग्राहक मिळवून सहा महिने त्याचे काम करून पाहणे उत्तम. मात्र अनेक नियुक्तिपत्रांत दुसरे कोणतेही काम करण्यास मनाई असते. ते कलम वाचावे, लेखी परवानगी मागावी आणि ती न मिळाल्यास नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात कामातून शून्य उत्पन्न धरावे. नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करू नये अशी अट कित्येक करारांत असते, पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरीनंतरचे असे बंधन साधारणपणे निरर्थ ठरते. कंपनीची गोपनीय माहिती आणि ग्राहकांच्या याद्या वापरण्याची मुभा त्यातून मिळत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. सध्याच्याच मालकाला आठवड्यातून तीन दिवसांचे काम कमी पगारावर मागून पाहण्यास बहुतेक जण संकोचतात. नकार मिळाला तरी आपले काही जात नाही, आणि होकार मिळाला तर या पायरीचे बरेचसे कष्ट वाचतात.

कामाचे उत्पन्न आणि बाजार एकाच वेळी बसू शकतात, हेही ध्यानात असू द्यावे. २०२० च्या मार्चमध्ये सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली आला, त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली आणि शिकवण्या व लघुउद्योग बंद पडले. मंदीत बाहेरचा सल्लागार हा सर्वांत आधी कमी केला जाणारा खर्च असतो.

चौथी पायरी: आरोग्यविमा

कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीपासूनच्या आजारांसाठी वैयक्तिक पॉलिसीत कमाल तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च न मिळण्याचा काळ, असू शकतो. म्हणून कंपनीचा विमा असला तरी स्वतःची कुटुंब पॉलिसी नोकरी सोडण्याच्या तीन वर्षे आधी घ्यावी, म्हणजे प्रतीक्षाकाळ पगार चालू असतानाच संपतो. अर्जात सर्व आजार खरे नोंदवावेत. सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, पण तोवर ती टांगती तलवार असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे हप्ता थोडा हलका झाला आहे. तरी वयाबरोबर हप्ते वाढतातच आणि ही वाढ महागाईच्या ६ टक्क्यांत मावत नाही, म्हणून या बाबीची तरतूद हात सैल सोडून करावी. जोडीदार किंवा मुले आपल्या उत्पन्नावर अवलंबून असतील तर मुदत विमाही पगाराची पावती असतानाच घ्यावा.

पाचवी पायरी: पैशांची मांडणी

आपल्या नावावर किती पैसे आहेत आणि त्यांतले आज किती वापरता येतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राष्ट्रीय पेन्शन योजनेतून मुदतीआधी बाहेर पडल्यास मोठा हिस्सा ॲन्युइटीत, म्हणजे नियमित पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, गुंतवावा लागतो, तेव्हा तो पैसा साठीनंतरचाच समजावा. पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते, पंधरा वर्षांनी मोकळे होते; मुदत पूर्ण झाल्यावर नवे पैसे न भरता खाते चालू ठेवले तर वर्षातून एकदा हवी ती रक्कम काढता येते आणि शिल्लक रकमेवर करमुक्त व्याज, सध्या ७.१ टक्के, मिळत राहते, त्यामुळे अर्धनिवृत्ताला हे खाते फार उपयोगी पडते. नोकरीतला भविष्यनिर्वाह निधी नोकरी सोडल्यावरही ५८ व्या वर्षापर्यंत व्याज मिळवतो, पण नोकरी सोडल्यानंतरचे व्याज करपात्र असते. ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन दहा वर्षांच्या सेवेनंतर ५८ व्या वर्षी मिळते. १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर वीस वर्षे सेवा झाली असेल तर ती महिना जेमतेम चार-पाच हजार रुपये भरते आणि महागाईबरोबर वाढत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे ८.२ टक्के व्याज मोहात पाडणारे असले तरी पंचेचाळिशीत तिचे दार बंद असते.

मांडणी करताना निधीचे हप्ते, म्हणजे वाटे, पाडावेत; पहिला हप्ता दोन वर्षांच्या पूर्ण खर्चाचा असावा. येथे कित्येक जण दोन वर्षांच्या तुटीएवढी, म्हणजे उदाहरणात साडेनऊ लाखांची, रक्कम बाजूला ठेवतात. पण काम आणि बाजार एकत्र थांबले तर ती वर्षभरच पुरेल, म्हणून १८ लाख रुपये बचत खाते, मुदत ठेव व लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांत गुंतवणारा, लगेच मोकळा होणारा म्युच्युअल फंड) असावेत. ठेवी बँकांत विभागाव्यात, कारण ठेवविम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे. पतसंस्थेतील ठेवींना तेवढेही नाही. आपल्याकडे ओळखीच्या अध्यक्षाच्या भरवशावर आणि एक टक्का जादा व्याजासाठी आयुष्याची पुंजी पतसंस्थेत ठेवण्याची प्रथा आहे. अर्धनिवृत्ताने ती पाळू नये.

दुसरा हप्ता पुढील सहा-सात वर्षांच्या तुटीचा, साधारण ३० ते ३५ लाखांचा, पीपीएफ, डेट फंड (रोख्यांत गुंतवणारे म्युच्युअल फंड) आणि पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवता येतो. या योजनेत एकट्याच्या नावे ९ लाख आणि संयुक्त नावे १५ लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज ७.४ टक्के आहे. उरलेली रक्कम भविष्यनिर्वाह निधी आणि समभाग फंडांत असावी, ज्यांत समभागांचा वाटा एकूण निधीच्या निम्म्याच्या आसपास ठेवणे मला योग्य वाटते. बाजार चढलेल्या वर्षी समभाग फंडातून पहिला हप्ता पुन्हा भरावा, आणि पडलेल्या वर्षी समभाग फंडाला हात न लावता दुसऱ्या हप्त्यातून खर्च चालवावा. भाड्यासाठी दुसरा फ्लॅट घेण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. भाडे फ्लॅटच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांपुढे क्वचित जाते आणि अडचणीच्या वेळी फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

सहावी पायरी: कर आणि कागदपत्रे

नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, म्हणून आपल्या दांपत्याच्या कामाच्या व व्याजाच्या उत्पन्नावर कर जवळजवळ नसेलच. समभाग फंडावरील दीर्घकालीन नफ्याला मात्र ही सवलत नाही. त्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे १२.५ टक्के कर आहे. सव्वा लाखाची मर्यादा पती-पत्नींना स्वतंत्र मिळते, परंतु पतीने दिलेल्या पैशांतून पत्नीच्या नावे केलेल्या गुंतवणुकीचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते, तेव्हा दोघांनी आपापल्या कमाईतून आपापल्या नावे गुंतवणूक नोकरीत असतानाच सुरू करावी.

व्यावसायिक शुल्कातून ग्राहक पुष्कळदा १० टक्के कर कापून देतो आणि तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, म्हणजे ३५ हजारांच्या बिलाचे हाती साडेएकतीस हजारच येतात. अभियांत्रिकी, लेखापालन, वैद्यकी, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना मिळालेल्या रकमेच्या निम्मे उत्पन्न दाखवून हिशेबवह्यांपासून सुटका मिळवता येते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरावा लागतो, जो नोकरीत परस्पर कापला जात असल्याने अनेकांना आठवत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनामूल्य आहे आणि ती जरूर करावी, कारण नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. कायदा सांगून पैसे वसूल करण्याची वेळ क्वचित येते, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मोठ्या कंपन्यांचा लेखाविभाग बिल सहसा मागे ठेवत नाही.

सातवी पायरी: राजीनामा आणि त्यानंतरचे पहिले वर्ष

राजीनाम्याची तारीख भावनेच्या भरात ठरवू नये. कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण होण्यास चार महिने उरले असतील, तर ते चार महिने काढल्याने ग्रॅच्युइटी मिळते. दर पूर्ण वर्षामागे शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १५/२६ पट हा तिचा हिशेब आहे आणि २० लाखांपर्यंत ती करमुक्त आहे. वार्षिक बोनस खात्यात जमा होईपर्यंतही थांबावे. क्रेडिट कार्ड किंवा वाहनकर्ज हवे असल्यास ते आधी घ्यावे, कारण पगाराची पावती नसलेल्या माणसाकडे बँक वेगळ्या नजरेने पाहते. शेवटचे सहा महिने ठरवलेल्या ७५ हजारांतच घर चालवून पाहावे. ते जमले नाही तर खर्चाचा आकडा बदलावा आणि सर्व गणित पुन्हा मांडावे.

हे सगळे आकडे जोडीदाराला तोंडपाठ असावेत. ‘हल्ली घरीच असतो का?’ हा प्रश्न सोसायटीच्या जिन्यात त्यालाही विचारला जाणार आहे, आणि रिकामा दिसणाऱ्या माणसाकडे नातेवाइकांची रुग्णालयातली जागरणे, सोसायटीचे सचिवपद आणि हातउसने मागणारे यांची रीघ लागते. कामाचे तास कोणते आणि हातउसने किती, हे दोघांनी आधीच ठरवून घेतले तर पुढे नाही म्हणणे सोपे जाते.

दर एप्रिलमध्ये एक तपासणी करावी. काम पूर्ण थांबले असे मानून वर्षाचा पूर्ण खर्च शिल्लक निधीच्या किती टक्के होतो, ते काढावे. उदाहरणातील २ कोटी १० लाखांवर ९ लाख म्हणजे ४.३ टक्के होतात. निधीचा समभागांत असलेला अर्धा हिस्सा ३० टक्क्यांनी पडला तर निधी सुमारे १ कोटी ७८ लाखांवर येईल आणि प्रमाण ५ टक्क्यांच्या किंचित वर जाईल. हे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेले की त्या वर्षीचा प्रवास व मोठी खरेदी पुढे ढकलावी आणि आणखी एक ग्राहक शोधावा. सलग दोन एप्रिल ते ६ टक्क्यांच्या वर राहिले तर पूर्णवेळ नोकरीसाठी अर्ज सुरू करावेत. त्यासाठी जुन्या सहकाऱ्यांशी संपर्क आणि आपल्या क्षेत्रातील एखादे चालू प्रमाणपत्र टिकवून ठेवावे, कारण दोन वर्षे अर्धवेळ काम केलेल्या माणसाला परत घेतले जाते, पाच वर्षे काहीच न केलेल्याला मुलाखतीलाही बोलावले जाईल याची शाश्वती नसते.